एक पंगत आणि तिच्यातून उठून गेलेली माणसे

स्मरणिकेतला इतिहास बहुधा संस्थापकांच्या छायाचित्रापासून सुरू होतो आणि देणगीदारांच्या यादीपाशी थांबतो. मधल्या पानांवर सगळे एकदिलाने वागलेले असतात. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाचा इतिहास त्या साच्यात बसवायचा तर निम्मी माणसे गाळावी लागतील. या संस्थेत आलेल्यांइतकीच तिच्यातून उठून गेलेली माणसेही महत्त्वाची आहेत. कुणी प्रकृतीमुळे गेले, कुणी मतभेदाने. एकाने तर पुढे चर्चच सोडले. त्यांना वगळून लिहिलेला इतिहास वाचायला गोड लागेल, पण तो या संस्थेचा नसेल.

हा आश्रम ज्या ख्रिस्त सेवा संघातून निघाला, त्या संघाची स्थापना १९२२ सालची. तिच्यामागची अस्वस्थता मात्र जुनी आहे आणि ती नगर जिल्ह्यातली आहे. त्या काळी मिशनरी साहेब बंगल्यात राहत, त्यांचा पगार विलायतेहून किंवा अमेरिकेहून येई. मराठी पाळक, शाळामास्तर, गावोगाव फिरून शुभवर्तमान सांगणारा प्रचारक हे सारे मिशनचे पगारी नोकर. दुष्काळात याच साहेबांनी माणसे जगवली, शाळा काढल्या, दवाखाने चालवले, हे कुणी नाकारत नव्हते. पण त्यांच्या व्हरांड्यात मराठी ख्रिस्ती माणूस उभा राही, बसत नसे. उपकारही खरे होते आणि अंतरही खरे होते.

हे अंतर सर्वांत जास्त बोचले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर हा मनस्वी कवी अमेरिकन मराठी मिशनच्या नगरकडच्या कामात जवळजवळ दोन दशके राबला. ‘ज्ञानोदया’त लिहिले, ख्रिस्ती मंडळीला गाण्याजोगी मराठी भजने दिली. आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून सातारा गाठले. तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसतील, अशी ती कल्पना. मिशनला ती झेपणारी नव्हती, आणि टिळकांना वाट पाहण्याची सवय नव्हती. दरबाराला पुरता आकार येण्याआधीच मे १९१९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. घरातून हे सारे कसे दिसले, ते त्यांच्या पत्नीची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

टिळकांचे हे शेवटचे पर्व जवळून पाहणाऱ्यांत जॅक कॉप्ली विन्स्लो नावाचा एक इंग्रज पाद्री होता. जन्म १८८२ चा, शिक्षण ईटनच्या शाळेत आणि ऑक्सफर्डच्या बेलिऑल कॉलेजात; म्हणजे साम्राज्य चालवणारी माणसे ज्या साच्यातून निघत, त्याच साच्यातला. एस.पी.जी. या अँग्लिकन मिशनतर्फे तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नगर जिल्ह्यात आला आणि मिशनच्या हायस्कुलाचा मुख्याध्यापक झाला. दीनबंधू अँड्र्यूजशी त्याची मैत्री होती. पुढे १९२३ मध्ये त्याने टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले, त्यातून टिळकांची ओळख महाराष्ट्राबाहेर पोहोचली.

विन्स्लोच्या मनात जे चालले होते ते समजायला फार खोलात जावे लागत नाही. एप्रिल १९१९ मध्ये जालियनवाला बाग घडली. त्यानंतर कुठल्याही इंग्रज पाद्र्याने भारतीय माणसासमोर उभे राहून ‘देव प्रीती आहे’ म्हणायचे, तर समोरचा माणूस आधी त्याच्या कातडीकडे बघणार. विन्स्लोने आधी उपासनेचा प्रश्न हाती घेतला. इंग्लंडच्या चर्चचे प्रार्थनापुस्तक जसेच्या तसे भाषांतरित करून खेड्यातल्या माणसाच्या हाती देण्याऐवजी पूर्वेकडच्या प्राचीन मंडळ्यांच्या धर्तीवर प्रभुभोजनाचा वेगळा क्रम असावा, असा आग्रह धरणारे पुस्तक १९२० मध्ये त्याने काही सहकाऱ्यांसह काढले. मुंबईचे तेव्हाचे बिशप एडविन जेम्स पामर यांची त्याला सहानुभूती होती. पण उपासना बदलली तरी उपासनेनंतर साहेब बंगल्याकडे आणि मंडळी वस्तीकडे जाणार, ते कसे बदलायचे?

जून १९२२ मध्ये नगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ सुरू झाला. विन्स्लो आणि मोजके मराठी तरुण, एवढेच मनुष्यबळ. नियम साधे होते. खादी घालायची. जमिनीवर बसायचे, जमिनीवरच झोपायचे. शाकाहार. कुणाला पगार नाही, इंग्रजाला जास्त आणि मराठी माणसाला कमी असा प्रश्नच उरत नव्हता. पावसाळ्यात आश्रमात राहून अभ्यास, ध्यान, प्रार्थना. उघडीप झाली की गावोगाव फिरायचे. हा वारकऱ्यांना आणि बौद्ध भिक्खूंना ओळखीचा वाटावा असा क्रम होता, असिसीच्या संत फ्रान्सिसलाही तो रुचला असता. टाळ-मृदंगावर टिळकांची भजने होत. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगरला आधीपासून होतीच. कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांनी ती घडवली होती. तेव्हा संघाने मराठी ख्रिस्ती माणसाला भजन शिकवले, असे जे काही इंग्रजी पुस्तकांतून सूचित होते, ते उलटे आहे. शिकले ते इंग्रज.

या सगळ्या नियमांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पंगतीचा. आजच्या वाचकाला त्यात काही विशेष वाटणार नाही. म्हणून एक जुनी गोष्ट आठवून द्यायला हवी. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त शहरातली बडी मंडळी जमली होती. तिथे चहा-बिस्किटे फिरली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कप हाती धरला म्हणे. आनंदीबाई जोश्यांचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि जातबहिष्काराचे ग्रामण्य उभे राहिले. लोकमान्य टिळक त्यात होते, न्यायमूर्ती रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्तांवरून वर्षदोन वर्षे वर्तमानपत्रे पेटली. एका कप चहाने पुणे दुभंगले, तेही संघ सुरू होण्याच्या केवळ तीन दशके आधी. नगर जिल्ह्यातली बहुसंख्य ख्रिस्ती मंडळी महार आणि मांग समाजांतून आलेली. त्यांच्यातला तरुण, दुसऱ्या जातीतून आलेला ख्रिस्ती आणि ईटनमध्ये शिकलेला साहेब एका ओळीत मांडी घालून भाकरी खातात, हे दृश्य त्या वेळच्या गावाला कुठल्याही प्रवचनापेक्षा लवकर कळले असेल. काहींना ते आवडले नसणार, हेही उघड आहे.

१९२७ मध्ये विन्स्लो इंग्लंडहून नव्या तरुणांची तुकडी घेऊन परतला आणि संघाने पुण्यात बिऱ्हाड हलवले. भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर, ही जागा मोठी विचित्र होती. नदीपलीकडे पेठा, दुसऱ्या अंगाला खडकीची छावणी, आणि थोड्या अंतरावर येरवड्याचा तुरुंग. त्या पाच-सात वर्षांत या परिसरात काय काय घडले, ते नुसते आठवावे. फेब्रुवारी १९२८ मध्ये सायमन कमिशन आले, काळी निशाणे फडकली. ऑक्टोबर १९२९ मध्ये पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी अस्पृश्यांचा सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींवर दगड पडले. १९३० मध्ये दांडीची पदयात्रा. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींचे उपोषण आणि त्यातून पुणे करार. इंग्रज विरुद्ध भारतीय, सवर्ण विरुद्ध अस्पृश्य, हिंदू विरुद्ध मुसलमान. घरातली माणसेही एकमेकांना ‘तू कुठल्या बाजूचा?’ विचारत होती. अशा काळात गोऱ्या माणसांनी खादी घालून अनवाणी फिरणे छावणीतल्या गोऱ्यांना रुचणे शक्य नव्हते, आणि शहरातल्या अनेकांना ते नवे सोंग वाटणेही स्वाभाविक होते.

नव्या तुकडीत व्हेरियर एल्विन होता. वय पंचविशीचे, ऑक्सफर्डचा हुशार विद्यार्थी, बाप सिएरा लिओनचा बिशप. तो आला होता ख्रिस्ती गूढवाद आणि भारतीय भक्ती यांचा अभ्यास करायला. निदान त्याला तसे वाटत होते. जानेवारी १९२८ मध्ये सर्वधर्मीयांच्या एका मेळाव्यासाठी तो साबरमतीला गेला आणि गांधीजींना भेटून आला तो बदलूनच. त्याच्या दृष्टीने आता प्रश्न सोपा झाला होता: आपल्या देशाने या देशावर जे केले त्याचे प्रायश्चित्त आपण घ्यायचे. १९३० मध्ये त्याने ख्रिस्त आणि सत्याग्रह यांवर पुस्तिका लिहिली. १९३१ मध्ये विन्स्लो आणि एल्विन यांनी मिळून भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणारे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याला प्रस्तावना होती यॉर्कचे आर्चबिशप विल्यम टेम्पल यांची. पुण्याच्या आश्रमातली दोन माणसे साम्राज्याच्या राजधानीत, तिथल्याच चर्चच्या एका श्रेष्ठ धर्मगुरूच्या साक्षीने, साम्राज्य संपले पाहिजे असे सांगत होती. संघाच्या इतिहासातली ही सर्वांत धीट गोष्ट, असे माझे मत आहे.

एल्विनबरोबर कायम असणारा तरुण म्हणजे शामराव हिवाळे. मराठी ख्रिस्ती घरातला, संघाचा सदस्य. १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेजची स्थापना करणारे डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे हे त्याचे थोरले बंधू. एल्विनवर पुष्कळ लिहिले गेले; शामरावावर फारच थोडे, आणि जे आहे तेही बहुतेक एल्विनच्या सावलीतले. वास्तविक एल्विनला भाषा, माणसे, बाजारहाट, आजारपण या सगळ्यांतून पार नेणारा शामराव होता. पुढे १९४६ मध्ये त्याने एल्विनवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. स्वतःवर लिहिले नाही.

३ जानेवारी १९३२ च्या रात्री हे दोघे मुंबईत मणिभवनाच्या गच्चीवर झोपले होते. पहाटे पोलीस आले आणि त्यांनी गांधीजींना अटक केली. तो सोमवार, गांधीजींचा मौनाचा दिवस. निघण्यापूर्वी त्यांनी कागदावर लिहून एल्विनला निरोप दिला, त्याचा आशय असा: तुझ्या देशबांधवांना सांग, माझ्या देशबांधवांइतकेच माझे त्यांच्यावर प्रेम आहे, मी त्यांच्याशी द्वेषाने कधी वागलो नाही. तुरुंगात नेणाऱ्या राष्ट्राच्या एका पाद्र्याकडे प्रेमाचा निरोप देणारा माणूस हिंदू होता. ख्रिस्ती वाचकाने या गोष्टीने नुसते भारावून जाऊ नये, थोडे ओशाळावेही.

त्यानंतर लगेच दोघे सरहद्द प्रांतात खुदाई खिदमतगारांवरील दडपशाहीची माहिती घेऊन आले, आणि जानेवारीच्या अखेरीस मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले. गोंडांकडे जा, असे सुचवणाऱ्यांत वर्ध्याचे जमनालाल बजाज होते. संघ एल्विनने तोवर सोडला होता. नागपूरच्या बिशपने त्याला परवाना नाकारला; त्याच वर्षी तो इंग्लंडला गेला तेव्हा सरकारने राजकारणात भाग न घेण्याची हमी घेतल्याखेरीज परत येऊ दिले नाही. १९३५ मध्ये त्याने चर्चच सोडले. नंतरचा एल्विन सर्वांना माहीत आहे: मानववंशशास्त्रज्ञ, ईशान्य भारताच्या प्रशासनाचा सल्लागार, भारताचा नागरिक, पद्मभूषण.

एल्विनच्या जाण्याला संघाच्या जुन्या कागदांत हानी म्हटले जाते. मला ते तितकेसे पटत नाही. संघाने त्याला खेड्यात राहायला, जमिनीवर बसायला आणि सत्तेपुढे खरे बोलायला शिकवले. तो ते सारे घेऊन करंजियाला गेला. श्रद्धेच्या कलमांवर त्याचे चर्चशी जमले नाही, तो निराळा हिशोब. मात्र हेही सांगितले पाहिजे की ज्या बांधवांना रोजच्या प्रार्थनेचे, अभ्यासाचे, शांततेचे जीवन हवे होते, त्यांच्यासाठी ती वर्षे सोपी नव्हती. बाहेरच्या अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्याशी एका घरात राहणे नेहमीच सुखाचे नसते.

खरी फूट पडली ती १९३४ मध्ये, आणि तिचे कारण राजकारण नव्हते. संघ सुरू झाला तेव्हा विन्स्लोच्या डोळ्यांपुढे ब्रह्मचारी आणि गृहस्थ, इंग्रज आणि भारतीय अशांचे एक मोठे कुटुंब होते. १९२७ नंतर आलेल्यांपैकी अनेकांना संत फ्रान्सिसच्या वाटेने जाणारा, आजन्म व्रते घेतलेल्या बंधूंचा संघ हवा होता. दोन्ही मागण्यांमागे तळमळ होती. शेवटी एका संघाचे दोन झाले: जुना ख्रिस्त सेवा संघ आणि नवा ख्रिस्त प्रेम सेवा संघ. पुण्याची वास्तू आज नव्याच्या नावाने ओळखली जाते. विन्स्लो त्याच वर्षी इंग्लंडला परतला. त्याआधीच तो ऑक्सफर्ड ग्रुप या चळवळीकडे ओढला गेला होता. १९७४ मध्ये वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी तो वारला.

वंशाचा भेद ओलांडून एकत्र आलेली माणसे व्रतांच्या प्रश्नावर वेगळी झाली. यावर आमच्या आधीच्या एकदोन लेखांत दोन ओळींत पडदा टाकलेला दिसतो. पण ज्यांनी कुठलेही घर चालवले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. शत्रूवर प्रेम करायला प्रसंग लागतो. सोबत्यावर करायला रोजची सकाळ लागते, आणि रोजच्या सकाळी कुणाला चटई आधी गुंडाळायची असते, कुणाला अजून प्रार्थना करायची असते. संघ यात कमी पडला. ते मान्य करून पुढे जाऊ.

या संघातून चांगलेही निघाले. पुण्यात काही वर्षे राहून प्रकृतीमुळे १९३० मध्ये इंग्लंडला परतलेल्या अ‍ॅल्जी रॉबर्टसनने तिथल्या अँग्लिकन फ्रान्सिस्कन बंधुसंघाच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. नगर-पुण्यात सुरू झालेल्या एका प्रयोगाने इंग्लंडच्या चर्चला काही दिले, हे मराठी ख्रिस्ती समाजाला फारसे ठाऊकच नाही. आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाचे आचार्य विल्यम लॅश १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षी, मुंबईचे बिशप झाले आणि १९६१ पर्यंत त्या पदावर राहिले. आश्रमात मात्र नवे तरुण येईनासे झाले. स्वराज्य आले होते. इंग्रज आणि भारतीयांनी एकत्र राहून दाखवण्यात जी धार होती ती उरली नव्हती. साठच्या दशकात संघाचे काम थांबले.

पुन्हा दार उघडले ते बायकांनी.

मधल्या काळात दोन मोठ्या घटना घडल्या होत्या. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि इतर ख्रिस्ती मंडळ्यांशी व इतर धर्मांशी बोलण्याची वाट कॅथलिकांना मोकळी झाली. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली. त्याआधी एकाच गावात दोन प्रॉटेस्टंट मिशनांची दोन देवळे, दोन शाळा आणि दोन दफनभूमी असत. लग्न जमवतानाही ‘कुठल्या मिशनचे?’ हा प्रश्न आधी येई. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट हे तर एकमेकांच्या दृष्टीने जवळजवळ दोन धर्मच.

१९७२ मध्ये या पार्श्वभूमीवर शिवाजीनगरच्या वास्तूत दोन संघांच्या भगिनी एकत्र राहायला आल्या. एक सेक्रेड हार्ट या कॅथलिक संघाच्या; मुंबईचे सोफिया कॉलेज चालवणारा तो हाच. दुसऱ्या वाँटेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन संघाच्या. वाँटेजच्या भगिनी पुण्यात १८७७ पासून होत्या. पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या यांच्याकडेच, आणि १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तोही तिथेच. त्यानंतर रमाबाईंचे आणि त्या भगिनींचे जे खटके उडाले त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे: मी कुणाचे ऐकायचे, चर्चचे की माझ्या विवेकाचे, हा रमाबाईंचा सवाल होता आणि तो त्यांनी अजिबात नरमाईने विचारला नव्हता. नव्वद वर्षांनी त्याच संघाच्या भगिनी पुण्यात जमिनीवर बसून कॅथलिकांबरोबर स्वयंपाक करत होत्या. रमाबाईंनी हे पाहिले असते तर काय म्हटले असते कोण जाणे. काहीतरी टोचणारे म्हटले असते एवढे नक्की.

आश्रमाच्या पहिल्या फळीत वंदना माताजी होत्या. पारशी कुटुंबात जन्म, तरुणपणी ख्रिस्ती झालेल्या, पुढे हिमालयात जाऊन राहिलेल्या. आणि सारा ग्रँट होत्या, ज्यांच्यामुळे आश्रमाचे नाव दूरवर पोहोचले. १९५६ मध्ये भारतात आल्या, सोफियात तत्त्वज्ञान शिकवले, आद्य शंकराचार्यांच्या वेदान्तावर संशोधन केले, आणि १९७७ पासून आश्रमाच्या आचार्य म्हणून राहिल्या. १९८९ मध्ये केंब्रिज विद्यापीठात व्याख्याने देताना त्यांनी स्वतःला अद्वैती ख्रिस्ती म्हणवून घेतले. यावर विद्वानांचे वाद आहेत. पण आश्रमात त्याचे रूप सोपे होते. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत बायबलबरोबर इतर धर्मांचे ग्रंथ वाचले जात, आरती होई, बराच वेळ शांतता असे. ख्रिस्ती येत, हिंदू येत, देशी-विदेशी येत. कुणी कुणाला काही सोडायला सांगत नसे.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. या भगिनी एका छपराखाली राहत, एका भांड्यातले खात, एकत्र प्रार्थना करत. परंतु चर्चच्या नियमांनुसार कॅथलिक आणि अँग्लिकन यांचे प्रभुभोजन एक नाही. विन्स्लोच्या काळात पंगत जमली होती ती वंश आणि जात ओलांडून. इथे भाकरीची पंगत एक आणि वेदीची वेगळी. नियम मोडून टाकणे सोपे होते, नियमामागे दडून वेगळे राहणे त्याहून सोपे. या भगिनींनी तिसरे केले. वेगळेपणाचे दुःख रोज समोर ठेवून त्या एकत्र राहिल्या. त्यांच्या या चिकाटीला मी संस्थेच्या इतिहासात एल्विनच्या धाडसाच्या बरोबरीने ठेवतो.

टीकाही दोन्हीकडून झाली. ख्रिस्ती आश्रम म्हणजे धर्मांतराची नवी युक्ती, असा आरोप हिंदुत्ववादी लेखकांनी केला. सीताराम गोयल यांनी १९८८ मध्ये कॅथलिक आश्रमांवर अख्खे पुस्तकच लिहिले. दुसरीकडे काही ख्रिस्ती मंडळींना आरती आणि उपनिषदे म्हणजे मूर्तिपूजेकडे घसरण वाटली. या दोन टीकांना उत्तर देणे अवघड नव्हते: दार उघडे होते, येऊन पाहता येत होते.

तिसऱ्या टीकेला उत्तर देणे कठीण आहे. १९८१ मध्ये अरविंद निर्मल यांनी बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात जी मांडणी सुरू केली, तिच्यातून दलित ईश्वरविद्या उभी राहिली. तिचा रोख असा: ख्रिस्ती विद्वान भारतीय होऊ पाहतात म्हणजे ब्राह्मणी होतात. ते संस्कृत शिकतात, वेदान्त वाचतात. पण ज्या समाजातून बहुतांश ख्रिस्ती आले त्यांना याच परंपरेने देवळाबाहेर ठेवले होते. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या वृद्ध ख्रिस्ती बाईला उपनिषदाचा मंत्र ऐकून घरचे वाटेल का? टिळकांचा अभंग वाटेल, ओवी वाटेल, पोतराजाच्या हलगीचा ठेका कदाचित त्याहून जास्त. संघाने इंग्रज आणि मराठी यांच्यातली भिंत पाडली, भगिनींनी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातली भिंत बरीच खाली आणली. जातीच्या भिंतीच्या बाबतीत पंगतीत बसवण्यापलीकडे आपण फार गेलो नाही. हा माझा निष्कर्ष आहे आणि स्मरणिकेच्या पानावर तो नोंदवणे मला आवश्यक वाटते.

त्याचे एक प्रत्यंतर हा लेख लिहितानाच आले. विन्स्लोने आत्मचरित्र लिहिले. एल्विनचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १९६४ मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. सारा ग्रँट यांची व्याख्याने ग्रंथरूपात आहेत. १९२२ मध्ये नगरला विन्स्लोबरोबर जे मराठी तरुण राहिले, त्यांचे शब्द मात्र या पुस्तकांच्या रांगेत नाहीत. त्यांनी काय सोडले, घरच्यांनी त्यांना काय म्हटले, साहेबाबरोबर पहिल्यांदा जेवायला बसताना त्यांच्या मनात काय आले, संघ फुटला तेव्हा ते कुठे गेले, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला हवे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कुणी संघात होते, आश्रमात स्वयंपाक केला, बाग राखली, भजनात टाळ धरला, किंवा विन्स्लोच्या शाळेत शिकले असेल, तर घरात जुनी पत्रे, भजनांच्या वह्या, बाप्तिस्म्याचे दाखले, छायाचित्रे पाहावीत. मागे नावे लिहिलेली असली तर उत्तम. नसली तरी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती लिहून ठेवावीत. मूळ कागद देण्याची गरज नाही, नक्कल पुरेल. ती संपादक मंडळाकडे पोहोचवावी. या इतिहासाची पुढची आवृत्ती त्या नावांपासून सुरू करायची आहे.